लहान छेदातून मायट्रल झडप बदलताना भूल कशी दिली जाते?

निपाणीचा_भाऊ

नमस्कार. माझी थोरली बहीण, वय ४१, निपाणीजवळच्या खेड्यात राहते. लहानपणी तिला सांधे सुजून वरचेवर ताप येत असे. तो हृदयाच्या झडपा बिघडवणारा र्‍हुमॅटिक ताप होता हे फार उशिरा कळले. आता तिची मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, अरुंद झाली असून तिच्यावर कॅल्शियम साचले आहे, शिवाय ती गळतेही. त्यामुळे फुग्याने झडप रुंद करण्याचा उपाय चालणार नाही, झडप बदलावीच लागेल, असे बेळगावच्या हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले. फुफ्फुसांतील रक्तदाब वाढल्याचेही इकोच्या अहवालात लिहिले आहे. सर्जननी दोन पर्याय दिले: छातीचे मधले हाड कापून नेहमीची शस्त्रक्रिया, किंवा उजव्या स्तनाखाली लहान छेद घेऊन.

लहान छेद म्हटल्यावर घरात सगळ्यांना हायसे वाटले होते. भूलतज्ज्ञांच्या तपासणीत मात्र वेगळेच चित्र दिसले. त्यांनी हृदयाविषयी थोडे आणि बाकीच्या गोष्टींविषयी पुष्कळ विचारले: पूर्वी क्षय झाला होता का, जिना चढताना कुठे थांबावे लागते, मिश्री लावता का, तोंड किती उघडते, घास गिळताना अडकतो का. लग्नापूर्वी क्षयाची औषधे घेतली होती असे आक्काने सांगताच त्यांनी छातीचा सी.टी. स्कॅन लिहून दिला आणि त्याबरोबर पोटातील व जांघेतील धमन्यांचाही. फुफ्फुसाचा अहवाल पाहिल्याशिवाय लहान छेदाला संमती देणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

छेद लहान असेल तर भूलही हलकी असायला हवी, असे आम्हाला वाटत होते. मग एवढी चौकशी कशासाठी? फुफ्फुसाचा आणि जांघेतील धमन्यांचा यात काय संबंध? आमच्या ओळखीतील एका वृद्ध गृहस्थांची झडप तर मांडीतून नळी घालून, पूर्ण भूल न देताच बदलली. आक्काला तसे का करता येत नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

हृदयभूल_बेळगाव

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर छोटे आहे. मांडीतून नळी घालून बदलली ती बहुधा एऑर्टिक, म्हणजे महाधमनीच्या तोंडाची झडप असणार. फ्रान्समधील रुआँ येथे अ‍ॅलेन क्रिबिए यांनी २००२ साली ही पद्धत माणसावर प्रथम वापरली आणि ती मुख्यतः उतारवयात कॅल्शियम साचून एऑर्टिक झडप अरुंद झालेल्या रुग्णांसाठी आहे. त्या कठीण कड्यातच नवी झडप घट्ट बसते, हृदय थांबवावे लागत नाही, म्हणून जांघेत बधिरतेचे इंजेक्शन आणि शिरेतून थोडे गुंगीचे औषध एवढ्यावर काम भागू शकते. तरीही भूलतज्ज्ञ शेजारी उभा असतोच, कारण फुग्यावरची झडप फुलवताना काही क्षण पेसमेकरने ठोके मिनिटाला १८० ते २०० पर्यंत नेऊन रक्तदाब मुद्दाम पाडतात आणि तो पुन्हा वर आला नाही तर हातात वेळ फार थोडा असतो. र्‍हुमॅटिक मायट्रल झडपेसाठी मांडीतून करायचा रुळलेला उपाय म्हणजे फुगा. जपानच्या कांजी इनोउए यांनी तो १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या आक्कांची झडप कडक झाली आहे आणि गळते, म्हणून तो मार्ग राहिलेला नाही.

आता मुख्य मुद्दा. लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत भूल हलकी नसते, उलट अधिक गुंतागुंतीची असते. मधले हाड कापून छाती उघडली की हृदय सर्जनच्या डोळ्यांसमोर असते: उजवी बाजू फुगत चालली तर दिसते, हाताने मालिश करता येते, विजेचा झटका थेट हृदयावर देता येतो, हृदय-फुफ्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्या तिथेच बसवता येतात. पाच-सात सेंटिमीटरच्या छेदातून यातले जवळजवळ काहीच करता येत नाही आणि ही कामे पडद्याच्या अलीकडे, रुग्णाच्या डोक्याकडे उभ्या असलेल्या माणसावर येतात.

फुफ्फुसाचा संबंध असा. छेद उजव्या बाजूला, साधारणतः चौथ्या फटीत, दोन फासळ्यांच्या मध्ये घेतात. तिथून हृदय दिसण्यासाठी उजवे फुफ्फुस मिटवावे लागते, म्हणून श्वासनलिकेत दोन मार्गांची नळी घालून फक्त डाव्या फुफ्फुसाला श्वास देतात. नळी नेमकी जागी बसली आहे की नाही हे बारीक दुर्बिणीतून पाहतात. निरोगी माणसाला हे बहुधा सोसते. मायट्रल झडप अरुंद असलेल्या आणि फुफ्फुसांतील रक्तदाब आधीच चढलेल्या रुग्णाचे तसे नसते. एका फुफ्फुसावर श्वास चालू असताना रक्तातील प्राणवायू उतरला किंवा कार्बन डायऑक्साइड चढला की फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या आकसतात, तो दाब आणखी वाढतो आणि त्याविरुद्ध रक्त ढकलणारे उजवे निलय, म्हणजे हृदयाचा उजवीकडचा खालचा कप्पा, थकते. पूर्वीच्या क्षयाने डाव्या फुफ्फुसाचा काही भाग निकामी झाला असेल तर सगळी भिस्त त्या अर्ध्यामुर्ध्या फुफ्फुसावर राहते. उजव्या बाजूला फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटून बसले असेल तर अडचण निराळी: ते सोडवताना रक्तस्राव होतो आणि नंतर रक्त गोठू न देणारे हेपारिन दिल्यावर तीच जागा पाझरत राहते. म्हणून आपल्या भूलतज्ज्ञांनी क्षयाचे नाव ऐकताच स्कॅन मागितला, आणि माझ्या मते अगदी योग्य केले. आपल्या भागात हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये.

जांघेचा संबंध हार्ट-लंग मशीनशी आहे. छेद लहान असल्याने मशीनच्या नळ्या जांघेतील धमनीतून व शिरेतून घालतात, आणि शुद्ध रक्त महाधमनीत खालून वर, उलट्या दिशेने जाते. वाटेत धमनीच्या भिंतीवर चरबीचे थर असतील तर त्यांचे कण मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. ४१ वर्षांच्या स्त्रीत ती शक्यता कमी; पण बारीक अंगाच्या स्त्रियांमध्ये धमनीच अरुंद असते आणि नळीने ती भरून गेली तर त्या पायाचे रक्त अडते, म्हणून स्कॅनमध्ये तिचा व्यास मोजतात. शस्त्रक्रिया चालू असताना दोन्ही पायांवर आणि कपाळावर प्राणवायू मोजणारे सेन्सर चिकटवलेले असतात. पुष्कळ ठिकाणी वरच्या महाशिरेतील रक्त ओढून घेण्यासाठी मानेच्या उजव्या शिरेतून आणखी एक नळी लागते आणि ती बसवणे भूलतज्ज्ञाचेच काम असते.

या सगळ्या नळ्या न पाहता सरकवायच्या असल्यामुळे अन्ननलिकेतून इकोचा प्रोब घालून नळीला वाट दाखवणारी तार कुठे पोहोचली ते पडद्यावर पाहतात. गिळताना अडकते का, हा प्रश्न त्या प्रोबसाठी होता. मायट्रलच्या जुन्या आजारात डावे अलिंद, म्हणजे हृदयाचा डावीकडचा वरचा कप्पा, इतके फुगते की मागच्या अन्ननलिकेवर दाब येतो. तसे असेल तर आधी कळलेले बरे.

भूल देताना सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे ठोक्यांची गती. झडप अरुंद असताना ठोके वाढले की रक्ताला अलिंदातून खाली उतरायला वेळ पुरत नाही, मागे दाब साचतो आणि फुफ्फुसांत पाणी उतरते. म्हणून ठोके साठ ते ऐंशीच्या दरम्यान राहतील अशी औषधे निवडतात, केटामिनसारखी ठोके वाढवणारी टाळतात, आणि रक्तदाब घसरला तर सलाइनचा मारा न करता नॉरअ‍ॅड्रेनलिनसारख्या औषधाने तो सावरतात. मिश्रीचा प्रश्न इथेच येतो. तिच्यातील निकोटीन ठोके वाढवते. शिवाय हिरड्या बिघडतात आणि तिथले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात, म्हणून दंतवैद्याची तपासणी आधी उरकावी. तोंड कमी उघडत असेल तर दोन मार्गांची जाड नळी घालणे कठीण जाते.

खानापूरकर

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. माझ्या वहिनींची झडप याच पद्धतीने बदलली, त्यावरून दोन गोष्टी सांगतो. पहिली, छेद लहान म्हणजे दुखणे नाही, असे आम्ही धरून चाललो होतो, ते तसे नसते. पहिले काही दिवस फासळ्यांत चांगलेच दुखत होते आणि त्यामुळे त्या खोल श्वास घ्यायला घाबरत. पुढे मात्र लवकर सावरल्या आणि हाड जुळण्याची वाट पाहावी लागली नाही. दुसरी गोष्ट संमतिपत्राची. ते इंग्रजीत आणि कन्नडमध्ये होते, घरातील वडीलधाऱ्यांना दोन्ही नीट वाचता येत नव्हते आणि सही मात्र त्यांचीच हवी होती. आम्ही विनंती केल्यावर तिथल्या डॉक्टरांनी प्रत्येक कलम मराठीत समजावून दिले. त्यात 'गरज पडल्यास मधले हाड कापण्यास संमती' असे एक वाक्य होते, जे आम्ही एरवी वाचलेच नसते. आपणही ते आधी विचारून घ्यावे.

भूलशास्त्र_कोल्हापूर

बेळगावच्या डॉक्टरांनी जे लिहिले त्याच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. दोन ठिकाणी माझे मत थोडे वेगळे आहे.

दोन मार्गांची नळी अपरिहार्य नाही. साध्या नळीतून ब्रॉन्कियल ब्लॉकर, म्हणजे टोकाला फुगा असलेली बारीक नळी उजव्या श्वासनलिकेत सोडूनही फुफ्फुस मिटवता येते. शस्त्रक्रिया संपल्यावर रुग्णाला काही तास कृत्रिम श्वासावर ठेवायचे असेल तर दोन मार्गांची नळी काढून साधी घालावी लागते, आणि तोवर घसा सुजलेला असतो; ब्लॉकर असेल तर तो नुसता ओढून घेतला की झाले. काही ठिकाणी तर फुफ्फुस वेगळे करतच नाहीत: जांघेतून मशीन आधी सुरू करतात, श्वास थांबवतात आणि मगच छातीत आत जातात. फुफ्फुसांतील रक्तदाब वाढलेल्या रुग्णासाठी मला हा मार्ग अधिक सोयीचा वाटतो. अर्थात मशीनवरचा वेळ वाढतो, आणि मशीनवरून उतरल्यानंतर रक्तस्राव पाहण्यासाठी फुफ्फुस पुन्हा मिटवावे लागले तर त्या वेळी, मशीनचा आधार नसताना, प्राणवायू झपाट्याने उतरतो. भूल देणाऱ्याची खरी कसोटी मला तिथे वाटते, सुरुवातीला नव्हे.

दुसरे, वेदनेबद्दल. खानापूरकरांचा अनुभव प्रातिनिधिक आहे. फासळ्या फाकवल्याने त्यांच्यामधल्या नसा दुखावतात आणि सुरुवातीची वेदना कधीकधी मधल्या हाडाच्या शस्त्रक्रियेपेक्षाही तीव्र असते. पाठीच्या कण्यात एपिड्युरल (बारीक नळीतून बधिरतेचे औषध) देण्याचे बहुतेक जण टाळतात, कारण पुढे हेपारिनची मोठी मात्रा द्यायची असते आणि तिथे रक्त साकळले तर पाय लुळे पडू शकतात. त्याऐवजी सेराटस किंवा इरेक्टर स्पायनी ब्लॉक सोनोग्राफीखाली देतात; औषध स्नायूंच्या पडद्यात पसरते आणि फासळ्यांचा भाग बधिर होतो. मॉर्फिनसारखी औषधे कमी लागतात, श्वास दबत नाही. फुफ्फुसांतील दाब वाढलेल्या रुग्णात या शेवटच्या गोष्टीला मोठे महत्त्व आहे, कारण श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड साचला तर बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलेले चक्र शस्त्रक्रियेनंतरही सुरू होऊ शकते. ऑपरेशन टेबलावरच नळी काढण्याची चढाओढ अलीकडे दिसते. एरवी धडधाकट असलेल्या रुग्णात ते ठीक आहे. आपल्या बहिणीच्या बाबतीत कुणी घाई करू नये.

निपाणीचा_भाऊ

दोन्ही डॉक्टरांचे आणि खानापूरकरांचे मनःपूर्वक आभार. इतके नीट कुणी समजावले नव्हते.

अहवाल आला. डाव्या फुफ्फुसात दोष नाही. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुन्या क्षयाचे व्रण आहेत आणि बाहेरचे आवरण बऱ्याच भागात जाड होऊन छातीच्या भिंतीला चिकटले आहे, असे लिहिले आहे. जांघेतील धमन्या स्वच्छ आहेत, पण बारीक आहेत. आक्काचा कल अजूनही लहान छेदाकडेच आहे. तिला छातीवरच्या लांब व्रणाचे वाईट वाटते आणि शेतातली कामे लवकर करता यावीत असेही वाटते. तिला काय सांगावे? आणि मिश्री तिने आता सोडली आहे, तेवढे पुरेसे आहे का?

हृदयभूल_बेळगाव

अंतिम निर्णय स्कॅन प्रत्यक्ष पाहणाऱ्या सर्जनचा आणि भूलतज्ज्ञांचा आहे, हे गृहीत धरून माझे मत मोकळेपणाने लिहितो. या अहवालावर मी लहान छेदाचा आग्रह धरणार नाही. मधले हाड कापून करावे, असेच म्हणेन.

फुफ्फुस नेमके त्याच बाजूला चिकटले आहे जिथून आत जायचे आहे. ते सोडवण्यात वेळ जाईल, फुफ्फुस फाटून हवा गळत राहण्याची शक्यता आहे, आणि हे सगळे चालू असताना डाव्या फुफ्फुसावर श्वास व फुफ्फुसांत चढलेला दाब ही जोडी सांभाळावी लागेल. जुना व्रण असलेले फुफ्फुस बराच वेळ मिटून पुन्हा फुगवले की त्यात पाणी उतरण्याचा प्रकारही क्वचित होतो आणि तो उजव्या निलयाला अजिबात परवडणारा नसतो. त्यात समजा मधेच ठोके बिघडले, तर झटका छातीच्या बाहेर आधीच चिकटवलेल्या पट्ट्यांतून द्यावा लागतो. फुफ्फुस मिटलेले असताना तो हृदयापर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून आधी फुफ्फुस फुगवा आणि मग झटका द्या, अशी कसरत करावी लागते. बारीक धमन्यांचा प्रश्न त्यावर आणखी. यातली एखादीच अडचण असती तर चर्चा करता आली असती.

मधले हाड कापल्यास दोन्ही फुफ्फुसांवर श्वास चालतो, जांघेला हात लावावा लागत नाही, आणि झडप बदलून झाल्यावर हृदयातील हवा बाहेर काढणेही सोपे जाते. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. रुग्ण उताणा झोपलेला असतो आणि उजव्या हृदयधमनीचे तोंड सर्वांत वर येते, त्यामुळे उरलेले बुडबुडे नेमके तिच्यात शिरतात आणि काही मिनिटे उजवे निलय ढेपाळते. ज्याचे उजवे निलय आधीच दमलेले आहे त्याच्यासाठी हवा जितकी नीट काढता येईल तितके चांगले. लहान छेदात जखमेत कार्बन डायऑक्साइड सोडून आणि इकोवर बुडबुडे शोधून हे काम करतात व ते जमतेही, पण हृदय हातात धरून हलवण्याची सोय तिथे नसते.

आक्कांना व्रणाचे वाईट वाटणे अगदी स्वाभाविक आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर जड ओझे उचलायचे नाही, म्हणजे कळशी, गवताचा भारा, काहीही नाही. त्यानंतर शेतात जाण्यास सहसा हरकत नसते. झडप धातूची बसवली तर रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागेल आणि खुरप्या-कोयत्याची जखम जपावी लागेल. त्यात छेद लहान की मोठा याने काही फरक पडत नाही.

मिश्री सोडली हे उत्तम झाले. निकोटीन दोनएक दिवसांत शरीरातून जाते, हिरड्यांना मात्र वेळ लागतो, तेव्हा दंतवैद्याकडे याच आठवड्यात जावे. सध्या चालू असलेल्या गोळ्यांपैकी ठोके आवरणाऱ्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळपर्यंत बहुधा चालू ठेवतात, रक्त पातळ करणाऱ्या काही दिवस आधी बंद करून गरजेप्रमाणे हेपारिन देतात. कोणती केव्हा बंद करायची हे तिथल्या डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्यावे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्याने एकही गोळी बंद करू नये.

आयसीयू_परिचारिका

वरील चर्चेत थोडी भर घालते. शस्त्रक्रिया कोणत्याही मार्गाने झाली तरी आपल्या आक्का जाग्या होतील तेव्हा घशात नळी असेल, बोलता येणार नाही आणि हात बहुधा सैलसर बांधलेले असतील. हे आधी माहीत नसेल तर रुग्ण घाबरतो, ठोके वाढतात, आणि वर डॉक्टरांनी ठोक्यांविषयी जे लिहिले ते आम्हाला त्या वेळी प्रत्यक्ष सांभाळावे लागते. नळी काढण्यापूर्वी आम्ही 'डोळे उघडा, माझा हात दाबा, मान उचला' असे सांगून रुग्ण पुरता शुद्धीवर आला आहे का ते पाहतो. बेळगावात बहुतेक ठिकाणी मराठी बोलणारी परिचारिका पाळीवर असते, पण प्रत्येक पाळीत असेलच असे नाही. त्यांना कन्नड कळत नसेल तर ते दाखल होतानाच सांगून ठेवा, म्हणजे केसपेपरवर तशी नोंद होते. एरवी सूचना न कळल्यामुळे हात दाबला नाही आणि शुद्ध आली नाही असे वाटून नळी उगाच जास्त वेळ ठेवली, असे होऊ शकते.

तीन गोळ्यांचे, म्हणजे छोटे चेंडू असलेले, श्वासाचे यंत्र आताच विकत आणा आणि दिवसातून चार-पाच वेळा, बसून, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलण्याचा सराव करू द्या. दम लागला किंवा चक्कर आली तर तिथेच थांबवा. शस्त्रक्रियेनंतर छाती दुखत असताना हे नव्याने शिकवणे फार जड जाते. खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची असते, तेही घरीच दाखवून ठेवा. क्षयाच्या उपचाराचे जुने कार्ड किंवा एक्स-रे सापडला तर दाखल होताना सोबत आणा.